यादी पाठवण्यापूर्वी प्रत्येक फाईल उघडून पाहा

पत्र: माझा नऊ विज्ञानकथांचा संग्रह पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने काढला होता. पाचशे प्रतींची आवृत्ती दोन वर्षांपूर्वी संपली आणि दुसरी निघाली नाही. गेल्या महिन्यात एका मेसेजिंग अ‍ॅपवरच्या चॅनेलवर या संग्रहाची पीडीएफ सापडली. तिच्या पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात ‘वाचनालयास सप्रेम भेट’ असे लिहिलेले आहे, म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाला मी दिलेली प्रतच कोणीतरी स्कॅन केली. आम्हा चौदा विज्ञानकथाकारांचा एक गट आहे. गटातल्या ज्येष्ठांनी असे ठरवले आहे की पाच-सहा नामवंत लेखकांची आडनावे टाकून अशा चॅनेलांवर शोध घ्यायचा, जेवढ्या फाईली सापडतील त्यांची एकच यादी करायची आणि सर्वांच्या सहीने ती संबंधित कंपन्यांना पाठवायची. आमच्यातला एक तरुण लेखक आपल्या कथा स्वतःच मोफत देतो. त्याने विरोध केला, तेव्हा त्याला सर्वांसमोर ‘घरभेदी’ म्हटले गेले आणि तेव्हापासून तो गप्प आहे. रविवारी बैठक आहे. मी सही करावी का? तो तरुण चुकतो आहे का? आणि माझ्या पुस्तकाचे मी काय करू?

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेले त्या पहिल्या पानाचे चित्र मी बराच वेळ पाहत होतो. वाचनालयाचा गोल शिक्का, त्याखाली निळ्या शाईतला दाखल क्रमांक, तुमची तिरकी सही, आणि डाव्या कडेला पान दाबून धरणाऱ्या अंगठ्याची सावली. पुस्तक चोरीला जाते तेव्हा लेखकाला आपले अक्षर सहसा दिसत नाही. तुम्हाला ते दिसले, आणि म्हणूनच हा प्रकार तुम्हाला हिशेबातल्या तुटीपेक्षा अधिक लागला असावा. तुमच्या रागाला माझी पूर्ण संमती आहे आणि पुढे जे लिहितो आहे ते तो राग शमवण्यासाठी लिहीत नाही.

बैठक रविवारी आहे, म्हणून सहीचा प्रश्न आधी घेतो. यादी ज्या पद्धतीने करायचे ठरले आहे, त्या पद्धतीने केलेल्या यादीवर सही करू नका. असे मी ठामपणे सांगू शकतो, याचे कारण हाच प्रयोग हुबेहूब याच रीतीने 2007 मध्ये अमेरिकेत झाला आणि तो करणाऱ्यांच्याच अंगाशी आला.

अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांची एक व्यावसायिक संघटना आहे. डेमन नाइट यांनी 1965 मध्ये ती स्थापन केली आणि मानधन थकवणाऱ्या किंवा अन्यायकारक करार पुढे करणाऱ्या प्रकाशकांविरुद्ध लेखकांची बाजू घेण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले आहे. इंटरनेटवरच्या पुस्तकचोरीसाठी तिने एक समितीही नेमली होती. 2007 मध्ये स्क्रिब्ड नावाचे नवे संकेतस्थळ सुरू झाले, जिथे कोणीही कोणताही दस्तऐवज चढवू शकत असे, आणि काही महिन्यांतच तिथे विज्ञानकथांच्या अनधिकृत प्रती साठू लागल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संघटनेचे उपाध्यक्ष अँड्र्यू बर्ट यांनी त्या कंपनीला काढून टाकायच्या फाईलींची एक लांब यादी पाठवली. ही यादी ‘आसिमोव्ह’ आणि ‘सिल्व्हरबर्ग’ या दोन नावांचा शोध घेऊन तयार केलेली होती. आयझॅक आसिमोव्ह आणि रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्या कथांच्या चोरलेल्या प्रती त्या यादीत होत्या, हे खरेच. पण नाव शोधल्यावर नाव असलेले सगळेच हाती येते. एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी केलेली, वाचण्याजोग्या विज्ञानकथांची सूची त्या यादीत गेली, कारण त्या सूचीत ही नावे होती. कोरी डॉक्टरोव्ह यांची पहिली कादंबरीसुद्धा गेली. डॉक्टरोव्ह यांनी ती 2003 मध्ये छापील आवृत्ती निघाली त्याच वेळी, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली, कोणीही उतरवून घ्यावी आणि वाटावी म्हणून स्वतःहून मोफत दिली होती. लेखकांचे हक्क राखण्यासाठी जन्मलेल्या संघटनेने एका लेखकाचा आपले पुस्तक वाटण्याचा हक्क त्याला न विचारताच बंद करवला. डॉक्टरोव्ह यांनी हे जाहीरपणे मांडले. संघटनेचे अध्यक्ष मायकेल कॅपोबियांको यांना चुकीबद्दल क्षमा मागावी लागली, त्या समितीचे काम थांबवावे लागले आणि पुढे काय करावे हे ठरवण्यासाठी वेगळी समिती नेमावी लागली. ज्यांच्या कथा खरोखरच चोरल्या गेल्या होत्या त्यांची तक्रार या गदारोळात मागे पडली, आणि मला सर्वांत वाईट वाटते ते याचेच.

तुमच्या गटाने ठरवलेली रीत हीच आहे: आडनावे टाका, जे येईल ते यादीत घ्या. मराठीत तर हा धोका जास्त आहे. जोशी, देशपांडे, कुलकर्णी ही नावे टाकून काय काय हाती येईल याची कल्पना करून पाहा. एखाद्या प्राध्यापिकेचा विज्ञानकथेवरचा शोधनिबंध येईल, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका येतील, कोणा समीक्षकाने स्वतः वाटलेला लेख येईल, आणि तुमच्या त्या तरुण सहकाऱ्याच्या मोफत कथांना कोणी प्रस्तावना लिहिली असेल तर त्याही येतील.

त्यात आपल्याकडच्या कायद्याने तक्रारदारावर टाकलेला भार बराच मोठा आहे आणि तुमच्या गटात त्याची माहिती कोणी काढली असेल असे पत्रावरून दिसत नाही. कॉपीराइट कायदा 1957 मधील कलम 52 आणि त्याखालील 2013 चे नियम यांनुसार, मजकुराला केवळ जागा किंवा दुवा पुरवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार केल्यास तिने 36 तासांच्या आत त्या प्रतीपर्यंत जाण्याची वाट बंद करायची असते. पण हे 21 दिवसांपुरतेच असते, आणि तेवढ्या मुदतीत सक्षम न्यायालयाचा आदेश आला नाही तर कंपनी ती वाट पुन्हा खुली करू शकते. तक्रारीतच तुम्हाला लिहून द्यावे लागते की हक्क तुमचा आहे, ही प्रत तुमच्याच कृतीची आहे, ती अमुक ठिकाणी आहे, आणि प्रत चढवणाऱ्याविरुद्ध तुम्ही दावा दाखल करून मुदतीत आदेश सादर कराल. शंभर फाईलींच्या यादीवर चौदा जणांनी सही करणे म्हणजे जे लेखक त्या चौदांत नाहीत, ज्यांच्या वारसांशी कोणी बोललेले नाही, त्यांच्या वतीने शंभर वेळा अशी हमी देणे होय. काही कंपन्यांचे तक्रारीचे नमुने अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यावर बेतलेले असतात; त्यांत तर आपण हक्कधारकाच्या वतीने बोलण्यास अधिकृत आहोत हे विधान खोट्या शपथेच्या शिक्षेची जोखीम पत्करून करावे लागते. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम 60 प्रमाणे, ज्याला निराधार कारवाईची धमकी दिली गेली तो माणूस उलट न्यायालयात जाऊन मनाईहुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकतो. गटात कोणी वकील असेल तर सहीपूर्वी त्यांना ही तीन-चार कलमे वाचायला सांगा.

एवढे वाचून ज्येष्ठांचे मूळ म्हणणेच चुकीचे आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. अमेरिकी विज्ञानकथाकार हार्लन एलिसन यांचे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे आणि ते आदराने सांगण्यासारखे आहे. 2000 साली एका माणसाने एलिसन यांच्या कथा स्कॅन करून यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेतल्या एका गटात टाकल्या आणि तिथून त्या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या एओएल या बलाढ्य कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचल्या. एलिसन यांच्या बाजूने कंपनीला ईमेलने कळवले गेले, पण तो ईमेल कोणी वाचलाच नाही. कंपनीने तक्रारींचा पत्ता 1999 च्या शरद ऋतूत बदलला होता, सरकारी कॉपीराइट कार्यालयाला मात्र ते 2000 च्या एप्रिलपर्यंत कळवले नव्हते, आणि जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे नव्याकडे जात नव्हती. एलिसन न्यायालयात गेले. 2002 मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तरी ते मागे हटले नाहीत. फेब्रुवारी 2004 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल अंशतः फिरवला आणि म्हटले की पत्त्याच्या या घोळावरून कंपनीला चोरी कळायला हवी होती असे ज्यूरीला वाटू शकते. त्याच वर्षी जूनमध्ये तडजोड झाली. स्वतःच्या कथांसाठी एक लेखक चार वर्षे भांडला आणि तक्रारीची पेटी उघडी ठेवणे ही कंपनीची जबाबदारी आहे, हे त्याने न्यायालयासमोर मांडून दाखवले. ‘चोरी होणारच, सोडून द्या’ असे कोणी सहज म्हणते तेव्हा मला एलिसन आठवतात. मात्र एलिसन भांडले ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कथांसाठी, आणि कोणती फाईल आपली आहे हे नेमके ठाऊक असताना, एवढे गटासमोर अवश्य मांडा.

आता त्या तरुणाविषयी. त्याला ‘घरभेदी’ म्हटले गेले हे वाचून मी पत्र क्षणभर बाजूला ठेवले, कारण हाही प्रसंग जुना आहे. 2007 च्याच एप्रिलमध्ये, त्या यादीच्या चार महिने आधी, त्याच संघटनेचे तेव्हाचे उपाध्यक्ष हॉवर्ड हेंड्रिक्स यांनी आपले साहित्य इंटरनेटवर मोफत देणाऱ्या लेखकांना संपफोड्यांच्या पंक्तीत बसवणारा शब्द वापरला आणि असे लेखक या पेशाला ‘पिक्सेलांनी डागाळलेल्या तंत्र-वेठबिगारां’च्या पातळीवर आणत आहेत अशा अर्थाची टीका केली. गिरणगावच्या आठवणी ज्या घरांत आहेत तिथे ‘संपफोड्या’ हा शब्द किती जिव्हारी लागतो हे वेगळे सांगायला नको. हेंड्रिक्स यांची भीती समजण्यासारखी होती: लेखनाचे मोल शून्यावर येईल आणि जो मोफत देणार नाही त्याला कोणी विचारणार नाही. पण शब्द असा निघाला की भीती बाजूला राहिली आणि अपमान तेवढा उरला. जो वॉल्टन या लेखिकेने 23 एप्रिल हा दिवस त्या ‘तंत्र-वेठबिगारां’च्याच नावाने साजरा करण्याची हाक दिली आणि अनेक लेखकांनी त्या दिवशी आपल्या कथा मोफत खुल्या केल्या. जे कुंपणावर होते ते एका शब्दामुळे पलीकडे गेले.

तुमचा तरुण सहकारी चुकत नाही. स्वतःची कथा मोफत देणे हा त्याच्या हक्काचाच वापर आहे. हक्क नसता तर त्याला ती देताही आली नसती. डॉक्टरोव्ह यांचा खुला परवाना याच पायावर उभा आहे: लेखक मालक आहे, म्हणूनच अटी तो ठरवतो. विज्ञानकथाकार एरिक फ्लिंट यांनीही 2000 मध्ये बेन बुक्स या प्रकाशनसंस्थेचे मोफत ग्रंथालय उभे करताना आधी स्वतःची पहिली कादंबरी तिथे ठेवली, प्रकाशक जिम बेन यांच्या संमतीने ठेवली, आणि इतर लेखकांची पुस्तके ज्यांनी त्यांनी राजीखुशीने दिली तेव्हाच घेतली. आपल्या मानधनाचे हिशेब जाहीर करून त्यांनी असे मांडले की मोफत दिल्याने खप घटला नाही, उलट जुन्या पुस्तकांना नवे वाचक मिळाले.

इथे मात्र माझे मत त्या तरुणाहून वेगळे आहे आणि तेही त्याला कळू द्या. फ्लिंट यांचा हिशेब फ्लिंट यांचा आहे. त्यांची पुस्तके दुकानांत मिळत होती. मोफत पुस्तक वाचून झाले की त्याच लेखकाचे दुसरे विकत घेण्याची सोय वाचकापुढे होती. तुमचा वाचक ती पीडीएफ आवडल्यावर काय विकत घेणार? पाचशे प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती नाही, ई-बुक नाही. अज्ञात राहणे हे चोरीपेक्षा मोठे संकट आहे, हा युक्तिवाद इंटरनेटच्या बाजूने फार वेळा केला जातो आणि तो पुष्कळ लेखकांच्या बाबतीत खराही ठरतो, पण त्याचा निर्णय ज्याचे पुस्तक आहे त्याने घ्यायचा असतो. तुम्हाला कोणी विचारले नाही. दोन्ही तटांनी धरून ठेवावी अशी गोष्ट मला हीच वाटते: विचारणे.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकी विज्ञानकथालेखिकेबाबत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. यादीच्या घटनेनंतर अवघ्या दीड-दोन महिन्यांत, 2007 च्याच ऑक्टोबरमध्ये, त्यांचा जेमतेम एका परिच्छेदाचा एक मजकूर डॉक्टरोव्ह यांनी न विचारता पूर्णच्या पूर्ण पुनर्प्रकाशित केला. ले ग्विन यांनी हरकत घेतली, आणि खुल्या वाटपाच्या या खंद्या पुरस्कर्त्याने मजकूर काढून क्षमा मागितली. पुढे 2009 च्या डिसेंबरमध्ये, ग्रंथालयांतली पुस्तके सरसकट स्कॅन करणाऱ्या गूगलशी ऑथर्स गिल्ड या लेखकसंस्थेने केलेल्या तडजोडीच्या निषेधार्थ ले ग्विन यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला आणि तीनशेहून अधिक लेखकांच्या सह्या गोळा केल्या. त्या तडजोडीत लेखकाने ‘मला वगळा’ असे कळवले नाही तर त्याची संमती गृहीत धरली जाणार होती. मार्च 2011 मध्ये न्यायाधीश डेनी चिन यांनी ती तडजोड नाकारली, आणि लेखकांनी स्वतःहून सामील व्हावे अशी रचना असती तर अनेक आक्षेप दूर झाले असते असे नमूद केले. ऐंशी वर्षांच्या लेखिकेने आपल्याच बाजूच्या संस्थेला सांगितले की माझ्या वतीने सौदा करण्याआधी मला विचारा. तुमच्या गटाच्या यादीत ज्यांची नावे येणार आहेत, त्यांच्या वारसांपैकी किती जणांना कोणी फोन केला आहे?

आता तुमचे पुस्तक. प्रथम प्रकाशकाशी झालेला करार काढून वाचा. ई-आवृत्तीचे हक्क त्यात दिले आहेत का, मुदत किती लिहिली आहे, हे पाहा. मुदत लिहिलेली नसेल तर कलम 19 प्रमाणे दिलेले हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात, आणि दिलेला एखादा हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास, तो हक्क त्याच्याकडे उरत नाही. म्हणजे ई-बुकचा हक्क बहुधा तुमच्याकडेच असेल किंवा परत आलेला असेल. हक्क कोणाचा हे ठरल्यावर त्या एका फाईलीची तक्रार त्या हक्कधारकाच्या सहीने करा. चॅनेलचे नाव, फाईलीचा दुवा, तारीख आणि पडद्याची चित्रे जोडा. तुमच्या अक्षरातले ते पहिले पान जोडाच, कारण ही प्रत तुमच्याच पुस्तकाची आहे याचा त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता तक्रार पाठवण्याच्या दिवशी पुन्हा तपासून घ्या. एलिसन यांची वर्षे एका जुन्या पत्त्याच्या वादात गेली. नोंदणी केलेली नाही म्हणून घाबरू नका, कॉपीराइट लिहिताक्षणी निर्माण होतो.

आणि तक्रार गेली की त्याच आठवड्यात ई-बुकच्या तयारीला लागा. माझ्या कपाटात एका जुन्या मराठी विज्ञानकथासंग्रहाची बांधून घेतलेली झेरॉक्स प्रत आहे. मूळ पुस्तक तीस वर्षांत कुठल्याच दुकानात पाहायला मिळाले नाही, म्हणून ती प्रत मी करून घेतली, आणि ती पाहिली की आजही मनाला टोचते. तुमची पीडीएफ उतरवणाऱ्यांत माझ्यासारखे किती असतील ते मोजता येणार नाही, पण विकत घेण्याची सोय झाली तर त्यांतले काही नक्की येतील. ई-बुकला डिजिटल कुलूप लावण्याचा आग्रह धरू नका. टॉर या मोठ्या विज्ञानकथा प्रकाशनसंस्थेने 2012 मध्ये आपल्या ई-बुकांची कुलपे काढली आणि वर्षभरानंतर त्यांच्या ब्रिटिश शाखेने सांगितले की चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. कुलूप तोडणारा तोडतोच. अडतो तो पैसे देऊन घेणारा, ज्याला फोन बदलल्यावर आपलेच पुस्तक उघडत नाही.

वाचनालयाबद्दल एक विनंती आहे. स्कॅन झालेली प्रत त्यांची असली तरी स्कॅन त्यांनी केले असे त्यावरून ठरत नाही. ती कोणीही सभासद घरी नेऊ शकतो. ग्रंथपालांना भेटा, पान दाखवा, आणि दाखल क्रमांकावरून ती प्रत आज कपाटात आहे का एवढेच विचारा. नसेल तर त्यांनाही आपले पुस्तक गेल्याचे तेव्हाच कळेल.

रविवारच्या बैठकीत यादीऐवजी दुसरा प्रस्ताव ठेवा: प्रत्येकाने फक्त स्वतःच्या पुस्तकाचा शोध घ्यावा, सापडलेली प्रत्येक फाईल उघडून पाहावी, स्वतःच्या सहीने तक्रार करावी, आणि मसुदा, पत्ते, वकिलाचा सल्ला एवढे गटाने मिळून पुरवावे. दिवंगत लेखकांच्या वारसांना पत्रे लिहायची असतील तर तेही गटाने करावे. ते होय म्हणाले तर त्यांच्या लेखी संमतीने पुढे जावे. आणि बैठकीच्या आधी, शनिवारी संध्याकाळपर्यंत, त्या तरुणाला तुम्ही स्वतः फोन करा. तुम्ही त्याच्याशी सहमत आहात असे सांगण्याची गरज नाही. तो शब्द वापरला गेला तेव्हा तुम्ही तिथे होता आणि तो तुम्हाला पटला नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. मसुदा टाईप करायला आणि फाईली तपासायला हाताशी एक जण लागेलच, त्यालाच विचारा.